झाकण उचलणारे अप्पा

माझे सासरे कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत आणि गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचलत. परवानगी वगैरे भानगड नाही. घरची बाई बाहेर पाण्याचे ग्लास घेऊन "या ना अप्पा, बसा" म्हणत उभी, आणि हे आत आमटीचा वास घेत उभे. नातेवाईक, शेजारी, सोसायटीचा गणपती, लग्नाचा हॉल, कुठलंच पातेलं त्यांना वर्ज्य नव्हतं. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा खादाड दिसतोय. खरं तर अप्पा दोन घास आमटीभातावर खूश असायचे. झाकण ते माझ्यासाठी उचलायचे, आणि आत गहू आहे का ते बघायचे.

माझी रड आधी सांगून टाकते, त्याशिवाय अप्पा कळायचे नाहीत. लग्न होऊन मी बोरिवलीहून मुलुंडला आले आणि वर्षभरात वाळून काटकी झाले. पोट कधी धड नाही, तोंडात फोड, केसांचे पुंजके हातात यायचे. पवईला ऑफिसात एकदा लिफ्टमध्येच चक्कर येऊन पडले. माहेरच्यांना वाटलं सासरी छळ आहे, सासरच्यांना वाटलं पोरीला आधीपासूनच काहीतरी असणार. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, हा सिलिॲक. गव्हात ग्लुटेन म्हणून एक प्रकार असतो, तो पोटात गेला की माझं शरीर माझंच आतडं खरवडत बसतं. औषध नाही. गहू बंद करायचा, जन्मभर, कणभरसुद्धा खायचा नाही. पोळी, पाव, बिस्किट, रवा, मैदा, शेवया, सगळं त्यात आलं. नाहीतर आतडं कायमचं कामातून जाईल, असंही ते शांतपणे म्हणाले.

घरी येऊन मी ढसाढसा रडले. आजाराचं दुःख होतंच, पण मनात एकच येत होतं, की आता कुणाच्या घरी चारचौघांसारखं न भिता जेवणं संपलं. मला जेवायला आवडतं हो. पंगतीत बसावं, वाढतील ते खावं, आणखी मागावं. ते सगळं गेलं असं वाटलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, अर्धी पोळी खाल्लीस तर काय होणारे? तूप लावून देते." माझा नवरा मंदार मोबाईलवर कायकाय वाचून पांढराफटक पडला होता. अप्पांनी फक्त विचारलं, "कणभर म्हणजे किती?" मी म्हटलं, कणभर म्हणजे कणभर, अप्पा. त्यांनी मान डोलावली, आत गेले आणि त्यांनी पहिलं झाकण उचललं.

अप्पांची सगळी नोकरी मुलुंडच्या जकात नाक्यावर गेलेली. शहरात माल आणायचा तर तेव्हा जकात भरावी लागे, आणि आलेला ट्रक तपासायचं काम अप्पांचं. कागदावर कांदे लिहिलेले, वर कांद्याचीच पोती, आणि खाली कापडाच्या गाठी, असले प्रकार त्यांनी उन्हातान्हात उभं राहून पकडले होते. त्यांचा एक मंत्र होता, "कागद काय वाचायचा, ताडपत्री उचलायची." पुढे जकातच बंद झाली. अप्पांना ते फार लागलं. "मुंबईला आता दारच उरलं नाही," असं ते कुणालाही सांगायचे, भाजीवाल्यालासुद्धा. रिटायर झाल्यावर गॅलरीत बसून रस्त्यावरचे ट्रक नुसते बघत राहायचे आणि हात चोळायचे. सुनेचा आजार यांना देवानंच धाडलाय, असं आईंचं स्पष्ट मत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लाल ऑइलपेंटचा छोटा डबा आणला आणि ओट्यावर गॅसच्या मधोमध एक रेघ मारली. डावीकडे गव्हाची हद्द, उजवीकडे माझी हद्द. उजवीकडे माझा तवा, माझं पोळपाट, माझी पळी, माझं गाळणं. डावीकडची वस्तू उजवीकडे आली की अप्पा बाहेरच्या खोलीतून खाकरायचे. त्यांना तिथून कसं कळायचं देव जाणे. आईंचा त्या ओट्यावर तोवर एकछत्री अंमल होता आणि त्यांच्या घडीच्या पोळ्या सगळ्या मुलुंडात नावाजलेल्या. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "रिटायर होऊन माझ्या ओट्यावर नाका बसवला या माणसानं." पण पोळ्या मात्र त्या डाव्या बाजूलाच लाटू लागल्या.

अप्पांना पहिलं यश मिळालं ते हिंगात. घरात गहू माझ्यापासून हातभर लांब, तरी वरण खाल्लं की माझं पोट बिघडायचं. अप्पांनी एका रविवारी मांडणीवरचे सगळे डबे, बरण्या, पुड्या जमिनीवर पेपर पसरून मांडल्या आणि भिंग घेऊन बसले. तासाभरानं आतून हाक आली, "गो चेडवा, हकडे ये." अप्पा मूळचे कुडाळकडचे. राग आला किंवा फार आनंद झाला की त्यांची मालवणी बाहेर पडायची. हातात हिंगाची डबी होती. डबीवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की यात गव्हाचं पीठ आहे. आईंचा विश्वास बसेना. "हिंगात गहू? डोकं ठिकाणावर आहे का?" अप्पांनी आपला चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि डबी पुढे धरली. आईंनी वाचलं, परत वाचलं, आणि मटकन खाली बसल्या. "चाळीस वर्षं मी पिठाची फोडणी देतेय होय," एवढंच म्हणाल्या.

मग अप्पा कुठूनसा खडा हिंग घेऊन आले. अस्सल. त्याचा वास असा, की समोरच्या शहाबेननी दार वाजवून विचारलं, गॅस लीक झालाय का. तो हिंग तीन डब्यांत एकात एक ठेवला तरी कपाटातल्या साड्यांना वास यायचा. मी ऑफिसात गेले की पलीकडच्या टेबलावरचा मुलगा नाक हुंगत इकडेतिकडे बघायचा. पण वरण खाऊन माझं पोट दुखायचं थांबलं. अप्पा आल्यागेल्याला ती जुनी डबी दाखवायचे, एखादा आजोबा नातवाची ट्रॉफी दाखवतो ना तशी. शहाबेनना दाखवली, तळमजल्यावरच्या कुलकर्णी काकूंना दाखवली, कुरियरवाल्याला दाखवली.

बाहेरच्या जगाशी मात्र रोजची झटापट होती. गव्हाची ॲलर्जी आहे म्हटलं की लोक हसून म्हणतात, मग मैदा चालत असेल. रवा तर अगदी साधा असतो, तो चालेलच. खारी बिस्किटात कुठे गहू असतो? डाएट का, छान बारीक झालीस गं. मी समजावून समजावून थकले होते. अप्पा थकत नसत. सोसायटीच्या सत्यनारायणाला गुरुजींनी माझ्या हातावर शिरा ठेवायला चमचा उचलला आणि मी हात मागे घेतला. गुरुजी रागावले. "प्रसादाला नाही म्हणू नये. रव्याचा आहे, पोळी थोडीच आहे." अप्पा मागूनच बोलले, "गुरुजी, रवा काय झाडाला लागतो?" मग अप्पांनी स्वतःचे दोन्ही तळहात पुढे केले. एकावर त्यांचा प्रसाद, एकावर माझा. दोन्ही खाल्ले, हात जोडले आणि देवाकडे बघून म्हणाले, "तिच्या वाटचा मी खाल्ला आहे. पुण्य तिच्या नावावर टाका, साखर माझी वाढू दे." पुढच्या वर्षीपासून आमच्या सोसायटीत शिऱ्याच्या परातीशेजारी केळ्याच्या फोडी आणि साखरेची वेगळी वाटी असते.

घाटकोपरला मंदारच्या मामेबहिणीचं लग्न होतं. अप्पा पांढरा शर्ट, खिशाला पेन, चकाचक बूट अशा थाटात सरळ हॉलच्या मागे आचाऱ्यांकडे गेले आणि झाकणं उचलायला लागले. आचारी समजला, सरकारी साहेब आला. त्यानं पोरांना डोक्याला टोप्या घालायला लावल्या, अप्पांना खुर्ची दिली, थंड बाटली दिली आणि म्हणाला, "साहेब, लायसन शेठकडे आहे." अप्पा म्हणाले, "लायसन राहू दे. या रश्श्याला दाटपणा कशानं आणलास ते सांग." तो बिचारा घाबरून खरं बोलला, मैदा लावलाय. "तळणीच्या तेलात आधी काय तळलं?" पुऱ्या. "मसालेभाताची पळी दुसऱ्या कशात बुडवली?" अजून नाही, साहेब. तेवढ्यात कुणीतरी जाऊन मुलीच्या वडिलांना सांगितलं की धाड पडली आहे. ते बिचारे शेल्यासकट धावत आले आणि अप्पांना बघून त्यांनी कपाळ बडवून घेतलं. माझ्या पानात पहिल्या पळीचा मसालेभात पडला, काकडीची कोशिंबीर पडली, आणि सवयीनं कुणी पोळी टाकू नये म्हणून अप्पा जेवण होईपर्यंत माझ्या पाठीशी उभे राहिले. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. पण मसालेभात फर्स्टक्लास होता आणि मी तीनदा मागितला.

एवढं सगळं करूनही माझी तब्येत सुधारेना, ही खरी गोम होती. आधी जरा वजन वाढलं, मग तिथंच अडलं. रक्ताचे आकडे खाली यायचं नाव घेईनात. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाहेर चोरून काही खाता का?" मला भयंकर राग आला. वर्षभर तर मी वडापावच्या गाडीसमोरून श्वास रोखून जात होते. ते म्हणाले, कुठूनतरी गहू पोटात जातोय, रोज जातोय. असंच आणखी चाललं तर आतडं भरून येणार नाही, मग मी काही करू शकणार नाही. घरी आले तर मंदारनं हळूच विचारलं, "ऑफिसात बड्डे केक वगैरे...?" त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. आई स्वतःच्या बांगड्या धुऊन पुसून बघत होत्या, त्यांना पीठ लागलंय का. सगळ्या घराला सगळ्या घराचा संशय. अप्पांनी तर ओट्यावरची रेघ परत एकदा रंगवली.

आता अप्पांची एक गोष्ट सांगते. माझ्या भाकरीचं पीठ ते दुसऱ्या कुणाला दळून आणू देत नसत. ज्वारी आणि तांदूळ स्वतः निवडायचे, गच्चीत पांढऱ्या धोतरावर वाळवायचे, कबुतरं हाकलत तिथंच बसायचे. मग डबा घेऊन नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीत सकाळी सकाळी, गिरणी उघडायच्या आधी. पहिला नंबर अप्पांचाच. तो मिळावा म्हणून ते गिरणीच्या पायरीवर पेपर वाचत बसायचे. एकदा कुणी बाई त्यांच्या आधी येऊन बसली तर ते वाद घालायला लागले, आणि तिनं लगेच नंबर देऊन टाकला. आपल्या पिठात दुसऱ्याचा गहू मिसळायला नको, म्हणून आपण सगळ्यांच्या आधी. किती बरोबर वाटतं ऐकायला. अप्पांना त्या पहिल्या नंबराचा फार अभिमान होता. ऊन ऊन पिठाचा डबा डोक्यावरून मिरवणूक काढल्यासारखा घरी आणायचे.

एका शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून मीही त्यांच्यासोबत गेले. गिरणीवाल्यानं शटर वर केलं, अप्पांची ज्वारी वर ओतली, गिरणी सुरू केली. खालच्या कापडी नळीतून पीठ पडायला लागलं. पहिलं मूठदोन मूठ पीठ जरा पिवळसर पडलं, मग पांढरं. मी सहज विचारलं, हे पिवळसर कसलं हो? गिरणीवाला पीठ झटकत म्हणाला, "काल रात्रीचा गहू आहे ताई, जात्यात राहतोच तो. पहिल्या नंबरवाल्याला येतो थोडा. म्हणून बायका पहिला नंबर घेत नाहीत. यांनाच हवा असतो रोज."

मी अप्पांकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. त्यांनी हात पुढे करून ती कापडी नळी वर उचलली आणि एक चापट मारली. पिठाचा लोट उठला. गिरणीच्या भिंती, तराजू, गिरणीवाल्याच्या भुवया, सगळीकडे गव्हाचंच पीठ होतं. वर्षभर अप्पा तिथं पायरीवर बसून राहिले होते आणि आत असं सगळं होतं. अप्पांनी डबा तिथंच ठेवला आणि चालायला लागले. घरी येऊन आईंना मी सांगितलं तर त्या पटकन म्हणाल्या, "अगं बाई, पहिला नंबर? पहिला नंबर मी जन्मात लावला नाही. दुसऱ्याचं पीठ येतं ना आपल्यात." आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो. ही गोष्ट मुलुंडातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होती. फक्त चवीचा प्रश्न म्हणून ठाऊक होती, म्हणून कुणी बोललं नव्हतं, आणि अप्पा आयुष्यात पहिल्यांदाच गिरणीची पायरी चढले होते ते माझ्यासाठी.

त्या दिवसापासून अप्पांनी झाकण उचलणं सोडलं. जेवायला बसले की खाली मान घालून जेवायचे. शहाबेन नवीन लोणचं घेऊन आल्या तर त्यांनी मसाल्यात काय आहे हेसुद्धा विचारलं नाही. शहाबेननी मला बाजूला घेऊन विचारलं, अप्पाची तब्येत बरी नाय काय? मला घरात कसंतरीच व्हायला लागलं. इतके दिवस त्यांच्या खाकरण्याचा वैताग यायचा, आता ते खाकरत नाहीत म्हणून जेवण जाईना. शेवटी मी एक दिवस त्यांच्यासमोर माझा ऑफिसचा डबा नेऊन ठेवला आणि म्हटलं, अप्पा, बघा ना जरा. त्यांनी डबा परत माझ्याकडे सरकवला. "माझ्याच हातान गेलां गो तुझ्या पोटात," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मी तिथंच बसून रडायला लागले. मग तेही रडायला लागले.

आम्हाला त्यातून सोडवलं आईंनी. त्या हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या आणि अप्पांना म्हणाल्या, "हे बघा, इतके दिवस हिंग म्हणून मी तिला पीठ खायला घातलं. मी स्वयंपाक सोडला का? मग तुम्हाला कसला संन्यास लागलाय? उठा आणि तिचा डबा बघा." अप्पा उठले. डबा उघडला, भाजीचा वास घेतला आणि बारीक आवाजात विचारलं, "ही भाजी कुठच्या पळीनं ढवळली?" आई म्हणाल्या, "उजवीकडच्या." आणि आत निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात मंदारनं घरघंटी आणली. कपाटाएवढी, वर धान्य ओतायचं, खालच्या डब्यात पीठ. अप्पांनी आधी तिच्याकडे पाठ फिरवली. मशीनवर आपला विश्वास नाही म्हणाले. मग तिच्यासोबत आलेलं माहितीपुस्तक वाचलं. मग तिच्या आतल्या जाळ्या काढून बघितल्या. आणि तिसऱ्या दिवशी ती त्यांची झाली, दुसऱ्या कुणी बटण दाबलं तर हात झटकायचे. घंटीच्या दारावर त्यांनी खडूनं लिहिलं, "गव्हाला बंदी." माझी ज्वारी, माझे तांदूळ, नाचणी, हरभऱ्याची डाळ, सगळं घरी. चार-पाच महिन्यांत रक्ताचे आकडे उतरले. डॉक्टर म्हणाले, काय केलंत? मी म्हटलं, सासरे परत कामावर रुजू झाले. घरी तो रिपोर्ट अप्पांनी मोठ्यानं वाचून घेतला, आणि आनंदानं पेढे आणले, आणि पेढ्यांच्या दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की त्यानं शेवटी आत बोलावून कढई दाखवली.

घंटी चालू असली की सगळ्या बिल्डिंगला ऐकू जायचं, तेही नेमकं लोकांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी. तक्रारी आल्या. अप्पांनी तोडगा काढला, तुमचंही दळण आणा, फुकट दळून देतो, फक्त गहू नको. लोक यायला लागले. एकदा कुलकर्णी काकू थालीपीठाची भाजणी घेऊन आल्या. अप्पांनी ती ताटात पसरली, चष्मा पुसला आणि बोटानं एकेक दाणा बाजूला करत बसले. "काकू, ह्यात गहू आहे." काकू म्हणाल्या, अहो मूठभर घातलाय, खुसखुशीत व्हावं म्हणून. "मूठभर म्हणजे माल आलाच की. परत न्या." काकू तणतणत गेल्या. दोन दिवस जिन्यात भेटल्या तर बोलल्या नाहीत. मग बिनगव्हाची भाजणी भाजून घेऊन आल्या, आणि अप्पांना म्हणाल्या, "घ्या, उचला झाकण." हळूहळू असं व्हायला लागलं की बिल्डिंगमध्ये कुणाकडे काही केलं तर दळायला येताना बाई आपणहून सांगायची, हे कशात तळलं, ते कशात ढवळलं. अप्पा ऐकून घ्यायचे, दोन प्रश्न जास्तीचे विचारायचे. मी मात्र तरीही कुणाकडे जेवत नसे. अप्पा सोबत असले तर जेवायचे, नाहीतर "आत्ताच खाऊन आले" म्हणायचं. भीती जात नव्हती ती नव्हतीच.

गेल्या वर्षी अप्पा गेले. सकाळी ज्वारी दळायला लावून घंटीशेजारच्या खुर्चीत बसले होते. दळण संपून घंटी आपोआप बंद झाली, तरी अप्पा उठले नाहीत म्हणून आई बघायला गेल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मंदारला कामावरून यायला वेळ लागला. मी आईंचा हात धरून बसले होते.

संध्याकाळी माणसं स्मशानातून परत आली. आमच्याकडे घरात कुणी गेलं की त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण आणून देतात. ते येणार हे मला माहीत होतं. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. भूक लागलेली, आणि तिची लाज वाटत होती. मी ठरवलं होतं, भूक नाही म्हणायचं. सासरा गेलेल्या दिवशी सून कुठल्या तोंडानं विचारणार की पळी कोणती, तेल कोणतं? असल्या वेळी विचारायची हिंमत एकाच माणसात होती.

कुलकर्णी काकू पहिल्या आल्या. त्यांच्या हातात पिठलं आणि भाताचं पातेलं. मी तोंड उघडायच्या आधी त्या बोलायला लागल्या, डोळे पुसत पुसत. "भात नव्या कुकरमध्ये लावलाय. पिठल्यात हिंग घातलेला नाही, तुमचा खडा हिंग माझ्याकडे नव्हता. कढई आधी लिंबानं घासून घेतली." मागून शहाबेन खिचडी-कढी घेऊन आल्या. "बेसन अप्पाच्या घंटीचा हाय हां, टेन्शन नको घेऊ. पळी पण नवी काढली." वरच्या मजल्यावरच्या नव्या सूनबाई पुरुषांसाठी पोळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या, तर शहाबेननी त्यांना दारातच अडवलं. "ए, पोळी अंदर नाय. इधर रख, बाहर." ती पोर बावरून डबा घेऊन जिन्यात उभी राहिली. मंदारचे काका मग जिन्यात बसून पोळ्या जेवले, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी ताट घेतलं. पिठलं-भात, थोडी कढी. पहिला घास हातात घेतला आणि तसाच थांबले. सवयीनं. मान वळवून बघितलं, कुणी पाठीशी उभं आहे का. आई माझ्याकडे बघत होत्या. दिवसभर त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. त्या उठल्या, कुलकर्णी काकूंच्या हातातली पळी घेतली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

"जेव गं पोटभर," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सगळ्यांना विचारून ठेवलंय."